शेवाळावरची पंगत

चहा निवला तरी चालेल, पण ही हकीकत आधी ऐका. गेल्या उन्हाळ्यात कंधारजवळच्या आमच्या तलावावर शेवाळाची हिरवी साय धरली होती. सकाळी फिरावयास गेलो, तर आमचे शेजारी शेषराव आपल्या गाभण म्हशीला पाण्यात उतरवीत होते.

"थांबा शेषराव! हे शेवाळ विषारी आहे. जनावर दगावेल."

"आबा, परवा पारावर तुमीच सांगितलं न्हवं? ह्या शेवाळातच बारीक जिवाणू राहतात, अन् ते इख खाऊन टाकतात म्हणून?"

सांगितले होते खरे. अर्धेच ऐकणाऱ्यांचा मला संताप येतो. परंतु म्हैस तहानेने व्याकूळ झाली होती आणि शेषरावांच्या गोठ्यात ती एकच होती. मी सौम्यपणे म्हणालो, "खातात, पण सावकाश. त्यांची पंगत अद्याप उठलेली नाही. विष पाण्यात आहेच."

शेषरावांनी लगेच कासरा ओढला. "मंग न्हाई बा. दुसऱ्याच्या पंगतीत मधी घुसू न्हाई."

मी समाधानाने घराकडे वळलो. मागून शेषराव आणि म्हैस येतच होते.

"आता कोठे?"

"तुमच्या हौदावर. भरल्या पानावरून उठवलंय तुमी तिला, आबा. मंग घरी नेऊन वाढाया लागतंय, हाव का न्हाई?"

शिष्टाचारापुढे माझा इलाज नव्हता. तलाव निवळेपर्यंत म्हैस रोज आमच्या अंगणात पाणी पीत होती. पुढे ती सुखरूप व्याली, तेव्हा शेषराव खरवसाचे पातेले घेऊन दारात उभे राहिले.

"घ्या आबा, यजमानाचा मान."