सेंटरची जागा

माहा जन्म अकोल्याचाच, भाऊ. बाप कापसाच्या प्रेसमधी गाठी उचले, मीही तेच काम धरलं, अन् प्रेसच्या मांगं मैदान होतं तिथी हाकी शिकलो. शिकवलं हाफिजभाईनं. ते प्रेसमधी फिटर, माह्याहून दहा वर्षांनी मोठे, बाभळीची वाकडी फांदी तासून त्यायनंच मले पयली स्टिक करून देली. आमच्या वस्तीतल्या पोट्ट्याले खेळात घ्याले तवा कोनी राजी नसे, ते काय तुमाले सांगा लागते? त्यायनं हात धरून नेलं, म्हने हा माह्या बाजूले खेळन, ज्याले जमत नसन त्यानं घरी जावं. कोनी घरी गेलं नाही.

नागपूरले दीक्षा झाली, त्याच्या दोन वर्षांनी मले प्रेसच्या टीमचा क्याप्टन केलं. दोघा-तिघाइले ते पटलं नाही, पन सेंटर फॉरवर्डले हाफिजभाई उभे होते, मंग बोलन कोन.

आता टीमचं सांगतो. गडी होते सतरा अन् खेळाचे अकरा. तवा बदली खेळाडू नव्हता, भाऊ, एकाचा पाय मोडला तर दहा जनाइनं खेळाचं. अन् आमच्यात रीत अशी का जुन्या गड्याले कोनी बस म्हनत नसे. लग्न झालं, गाव सुटलं, नाहीतर तो आपल्या मनानं बसला, तरच जागा खाली होये. म्हनून सहा जन वर्षानुवर्षं लाइनीच्या भाईरच, पानी पाजा, चेंडू आना. क्याप्टननं सांगतलं असतं तर चाललं असतं, पन क्याप्टनही सांगत नसे.

त्यात वसंता आला. अमरावतीच्या राजापेठेतल्या भटजीचा पोट्टा, इथी अकोल्यात जठारपेठेत मावशीपाशी राहे. बापानं त्याले एक वर्ष देलं होतं, हाकीवर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर घरी येऊन भिक्षुकी कर. काय सांगू तुमाले, काय खेळे तो! दहा मिनिटं पाह्यलं अन् मी समजलो का हा सेंटरचाच गडी, दुसरीकडं कुठंच नाही. अन् सेंटरले हाफिजभाई. त्यायचा गुडघा तवा गेलाच होता, मशीनखालून उठताना खांब धरत.

बायको म्हने, सांगून टाका न त्याइले. मी म्हनलं, कोन्या तोंडानं सांगू, ज्या मानसानं मले मैदानात नेलं त्याले मीच भाईर काढू? बायको म्हने, मंग त्या पोराचं काय? मी जेवून उठलो.

अमरावतीच्या टूर्नामेंटले रेल्वेचे लोक गडी निवडाले येनार होते, अन् वसंताचं वर्ष तर सरतच आलं होतं. नेमका आमचा फुलबॅक लग्नासाठी गावाले गेला. मी म्हनलं चला, जागा झाली, साप बी मेला अन् काठी बी नाही तुटली. वसंताले फुलबॅकले टाकलं. पाहा म्हनजे माही अक्कल! घोडा घान्याले जुंपला. पोट्ट्यानं मान हालवली अन् मांगं गोलापाशी जाऊन उभा राह्यला. पयल्याच म्याचले दोन गोलनं हारलो. पुढं हाफिजभाईपाशी चेंडू जाये अन् तिथीच राहे, मांगं वसंता उभा, एकडाव तो चेंडू घेऊन अर्ध्या मैदानाच्या पार गेला तर मीच वरडलो, मांगं हो, आपली जागा सोडू नको. झाला तो मांगं. रेल्वेच्या सायबानं दुसऱ्या टीमचे दोन पोट्टे लिहून घेतले. वसंताचा बाप आलता पाहाले, त्याच्यासंगं तो मैदानावरूनच राजापेठेत गेला.

परत येताना एस्टीत हाफिजभाईनं आपली स्टिक माह्या मांडीवर ठेवली, म्हने आता नाही खेळत. मी म्हनलं, आता? काल काहून नाही? राग आलता मले, खोटं काहून सांगू. ते म्हने, अरे मी तुह्या एका शब्दाची वाट पाहून राहिलो होतो. आपल्या मनानं बसलो असतो तर लोक म्हनले असते, हाफिजही याच्या हाताखाली नाही खेळला, मंग अजून चार जन उठले असते. तू बस म्हनलं असतं तर क्याप्टन तू, गोष्ट तिथीच मिटत होती. मी म्हनलं, मले तुमाले सांगाची लाज वाटे. 

हाफिजभाई आता घरीच असते, नातू खेळवते. मी अजून प्रेसमधीच हावो. मांगल्या महिन्यात पोरीच्या कामानं राजापेठेत गेलो तर वसंता भेटला, खांद्यावर उपरनं, सायकलले पूजेची पिशवी. उतरला, हालहवाल पुसली, म्हने काका, आता सेंटरले कोन खेळते? मी म्हनलं, कोनीही खेळते बावा, पोट्टे सारे क्रिकेटच्या मांगं, रविवारी नऊच जमले. येतं काय? तो हासला. म्हने, रविवारी दोन लग्नं लावाची हायेत. मंग भर बजारात माह्या पायाले हात लावाले वाकला, एवढा भटजी मानूस, मीच मांगं सरलो. माफी तर मले मांगाची होती, ते राहूनच गेलं. सुखी राहो बावा, लेकरंबाळं चांगली राहो त्याची.