पा म्हणजे पास नाही

आता सुरुवातीपासून सांगा म्हणता तं सांगते, पण मी मधातच कुठं भटकली तं हाक मारा, घरी सगळे तेच करतात. आमचे बाबा भंडाऱ्याकडचे, रेल्वेत लागले म्हणून रायपूरले आले, अन् मी इथंच जन्मली. म्हणजे कसं, भंडाऱ्याले गेलो की काकू म्हणे, आल्या हिंदीवाल्या, अन् इथं शाळेत बाई म्हणे, तुम मराठी लोग ऐसे ही बोलते हो. पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, खेळून खेळून छत्तीसगढी आली ती वेगळीच, तं आईनं हाक मारली की मी हव म्हणायची, अन् आई म्हणे, हव काय, हो म्हण. तीन भाषा आल्या, धड एकही नाही. हे मीच सांगून टाकते, मागून तुम्ही हसण्यापेक्षा.

बाबांचं काम होतं वॅगनचे चाकं तपासायचं. हातोडी घेऊन एकेका चाकावर मारायचं, आवाज टणटणीत आला तं चाक चांगलं, बसका आला तं कुठंतरी चीर आहे. रविवारी घरी सुट्टी असली तरी हात थांबत नव्हता, पाण्याचा गुंड वाजवून पाहत, कढई वाजवून पाहत, माह्या डोक्यावर टिचकी मारून म्हणत, हे पोकळ आहे. अन् काही बी दाखवायचं असलं की, सुनंदा, इकडं पा. नीट पा. पुन्हा पा. पा म्हणजे पाहा, आमच्याकडं असंच बोलतात. माह्या बापानं मले जे काही शिकवलं ते या एका अक्षरात मावते, काय सांगू तुम्हाले.

मंग मी आयटीआय केलं, अन् उरल्याच्या एका बोल्टच्या कारखान्यात तपासणीवर लागली. नाव नाही सांगत, अजून तिथंच खाऊन राहिली. उरला म्हणजे जागेचं नाव आहे बरं, नाहीतर माही भंडाऱ्याची काकू आजही विचारते, कारखाना उरला म्हणजे बाकी सगळं गेलं काय व? बिजलीचे मोठे मोठे टॉवर असतात ना, त्याचे बोल्ट आम्ही बनवतो. बोल्टवर जस्ताचा मुलामा चढतो, अन् मुलामा चढला की माह्या हातात येते. गेज फिरवून पाहायचं. गेज म्हणजे समजा एक पक्क्या मापाचा नट. तो बोल्टवर शेवटपर्यंत गेला तं ओके, अडकला तं रिजेक्ट. कागदावर लॉटचा नंबर, पुढं मी लिहिणार ओके, नाहीतर रिजेक्ट.

पण कधी कधी काय होते, गेज जाते, शेवटपर्यंत जाते, पण जड जाते. बोटाले समजते ते. मापात आहे, रिजेक्ट करता येत नाही, पण ओके लिहायले मन होत नाही. जस्त जाड बसून राहिलं असते, उद्या नट अर्ध्यात फसते. मंग अशा लॉटपुढं मी लिहायची पा. म्हणजे दुसऱ्या पाळीवाल्यानं पुन्हा पाहा, तोपर्यंत माल बाजूच्या रॅकवर. दुसऱ्या पाळीले साहूभैया. ते इथल्याच आरंगकडचे, पक्के छत्तीसगढी, मराठीचा एक शब्द येत नाही, पण माहा पा त्याईले पहिल्याच आठवड्यात समजला. ते आपल्या हातानं वीस बोल्ट फिरवून पाहत, चांगले निघाले की माह्या पा समोर लिहीत हव. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायची, पा, हव. पा, हव. बावीस वर्षं आम्ही दोघं असे बोललो, अन् तोंडानं म्हणाल तं पाळी बदलताना फक्त नमस्ते दीदी, नमस्ते भैया. माह्या मिस्टरसोबत बी माहं इतकं एकमत कधी झालं नाही.

तर मंग आला टॅबलेट. मी त्याच्या विरोधात नव्हती हे आधी लिहा, नाहीतर लोक म्हणतील बुढीले येत नव्हतं म्हणून चिडली. येत नव्हतं हे बी खरंच. तेलाच्या हातानं बोट लावलं की तो ऐकतच नव्हता, अन् पहिल्या दिवशी मी बोल्टचा फोटो समजून माह्या चपलेचा फोटो चढवला, तो आठ दिवस ऑफिसात सगळ्याईनं पाहिला. पण शिकली. त्यात दोनच बटन, हिरवं अन् लाल. मी शिकवणाऱ्या सरले विचारलं, सर, तिसरं? ते म्हणे, तीसरा क्या दीदी? मी म्हटलं, जे जाते पण जड जाते, त्याले काय दाबू? ते म्हणे, दीदी, मशीन को हाँ या ना चाहिए. मी म्हटलं, मशीनले पाहिजे असंल, बोल्टले नाही ना पाहिजे. सगळे हसले, अन् चहा आला, अन् तिसरं बटन तिथंच राहिलं.

पहिला महिना दोन्ही चाललं. आम्ही कागदावर लिहायचं, अन् टॅबलेटवर हात बसेपर्यंत ऑफिसातला एक जण ते कागद पाहून कॉम्प्युटरमध्ये चढवणार. दुपारी एक वाजता कागद उचलून नेत. आता पा, पाळी बदलते दोनले. साहूभैया येत तं कागदच नाही. रॅकवरचा माल बी गेलेला. त्यांनी विचारलं, तं ऑफिसातून त्याईले सांगितलं, सिस्टम में क्लियर है. अन् मी सकाळी मागचा कागद पाहायची ना, तो बी नाही. मी त्या टॅबलेटसोबत भांडण्यात इतकी गुंग की माहा पा कुठं गेला, त्याले हव मिळाला का नाही, हे विचारायचं मले सुचलंच नाही. एवढी चूक माही. ती मी कोणाले बी लिहून देते. पण तेवढीच.

दोन महिन्यानं एक लॉट परत आला. टॉवरवर चढलेल्या माणसाईचे नट अर्ध्यात फसले, ना पुढं ना मागं, तिथं उंचावर लटकून पान्हा मारत बसले ते. कोणाले काही झालं नाही, पण माल गेला अन् कारखान्याची इज्जत गेली. प्लांटच्या मोठ्या सरनं मले बोलावलं, कॉम्प्युटर माह्याकडं फिरवला. हिरवी पट्टी, इंग्रजीत पास, अन् खाली माहं नाव. सर तसे वाईट नाहीत, खुर्ची दिली, पाणी दिलं, अन् एक टाइप केलेला कागद दिला. मी न तपासता माल पास केला, असा माफीनामा. सही केली तं पॅकिंगमध्ये टाकतो, नाही केली तं घरी बसा. म्हणे, दीदी, आराम से सोच लो, कल तक.

खरं सांगू, सही करूनच देणार होती मी. स्क्रीनवर आपलं नाव इंग्रजीत दिसलं की माणसाले वाटतेच, आपणच केलं असंल. कागद पर्समध्ये घातला अन् घरी आली. माही पोट्टी बँकेत आहे, मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत. म्हणे, मम्मी, साइन कर दो ना, बात खतम. मी म्हटलं, अवं पण मी पास लिहितच नाही कधी. ओके लिहिते, नाहीतर रिजेक्ट, नाहीतर पा. म्हणे, पा कैसे लिखती हो? टेबलावर कोणाच्यातरी लग्नाची पत्रिका पडली होती, तिच्या मागं लिहून दाखवलं, घाईघाईत लिहिते तसं, पा अन् समोर पेन ओढल्याची शेपटी. तिनं पत्रिका जवळ नेली अन् म्हणाली, मम्मी, पास ही तो लिखा है.

माह्या पोटची पोट्टी पास वाचते, तं ऑफिसातल्या त्या माणसाले काय बोलू? मंग जो राग आला ना मले! आधी स्वतःचाच, मंग सगळ्याईचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सायकल स्टँडच्या मागच्या खोलीत शिरली. जुने कागद पोत्यात भरून रद्दीसाठी ठेवले होते. साहूभैयाले फोन केला होता, ते आपली पाळी नसताना आले. दोघं खाली बसलो, पन्नाशीतले दोन माणसं, धुळीनं पांढरे, पोत्यात मुंडकं घालून. वॉचमन म्हणे, क्या गिर गया दीदी? मी म्हटलं, नाव.

सापडले. सहा-सात कागद घेऊन आम्ही दोघं सरच्या केबिनमध्ये गेलो. सर म्हणे, साइन कर दिया? मी म्हटलं, करते, पेन द्या. अन् माफीनाम्यावर जिथं सही करायची तिथं मोठ्यानं लिहिलं, पा. कागद त्यांच्या पुढं सरकवला. मी म्हटलं, सर, वाचा. ते म्हणे, ये क्या लिखा है? पास? मी म्हटलं, बस, हेच झालं तुमच्या लॉटचं.

मंग एकेक कागद मांडला. म्हटलं, हे पाहा, जे पास आहे तिथं मी ओके लिहिलं, प्रत्येक ओळीत ओके. मंग त्याच कागदावर पास कशाले लिहीन? अन् टॅबलेटच्या आधीचे हे कागद, जिथं पा आहे तिथं समोर पाहा काय आहे. हव. हव. हव. अन् हा तुमचा लॉट. पा. समोर काय आहे? काहीच नाही. कोरं. काहून कोरं आहे? कारण एक वाजता कागद उचलला. सर साहूभैयाकडं वळले, तुम बताओ, पा माने क्या? साहूभैया जन्मात केबिनमध्ये आले नव्हते, चप्पल बाहेर काढून उभे होते. म्हणाले, पा माने देख, साहेब. मैं देखथंव, तब हव लिखथंव.

सरनं तो लॉटचा कागद उचलून जवळ नेला. मंग म्हणे, लेकिन दीदी, ऐसे तो कोई भी पास ही पढ़ेगा. मी म्हटलं, कोणी बी वाचंल, मान्य. पण ज्याले समजलं नाही त्यानं विचारायचं असते. मी वीस पावलांवर बसते, तोंड आहे मले, भरपूर आहे. कागद कुठं गेले हे मी विचारलं नाही, ते लिहून देते, पण न तपासता पास केलं हे नाही लिहून देणार. पॅकिंगमध्ये टाका, घरी पाठवा, वाटंल ते करा.

ना पॅकिंगमध्ये टाकलं, ना घरी पाठवलं. माफी बी कोणी मागितली नाही, ते आपल्याकडं कुठं होते. टॅबलेटमध्ये एक पिवळं बटन आलं. ते दाबलं की दुसऱ्या पाळीच्या माणसानं आपल्या हातानं पाहून बटन दाबल्याशिवाय लॉट दारातून हलत नाही. त्याच्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं आहे, पण प्लांटमध्ये सगळे त्याले पा वाला बटनच म्हणतात, बिहारचे बी अन् ओडिशाचे बी. खाली शेऱ्याची जागा आहे, तिथं मी पा लिहिते, अन् साहूभैया एका बोटानं शोधून शोधून हव लिहितात, पाच मिनिटं लागतात त्याईले.

पण त्या लॉटपुढं आजही माहं नाव अन् हिरवा पास आहे. म्हणे, सिस्टममध्ये जुनं मिटवता येत नाही. तं मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पोट्टीकडून ऑफिसले मेल पाठवते, ते पास काढा. ती म्हणते, मम्मी, फिर से? मी म्हणते, हव. रिटायर होईपर्यंत पाठवीन, मंग घरून पाठवीन, वेळच वेळ राहील तेव्हा. बाबांनी चीर असलेलं चाक कधी जाऊ दिलं नाही, मी हे काहून जाऊ देऊ?

अन् आता तुम्ही. इतक्या वेळचे लिहून राहिले, मान डोलवून राहिले, पण काय लिहिलं देव जाणे. पेन द्या इकडं. हे मी खाली पा लिहिलं. आता सगळं मले जोरात वाचून दाखवा, सुरुवातीपासून. मी हव म्हटल्याशिवाय छापायचं नाही.