देवीपेक्षा देखणी

(पाफोस. अफ्रोदितीच्या देवळाखाली सुगंधी तेलं गाळणाऱ्यांची आळी. दुपार कलली आहे, उद्या देवीची मिरवणूक. एका अंगणात निकारेते हारांसाठी डहाळ्या खुडते आहे. तिची धाकटी बहीण थेओनो पाणवठ्यावरून रिकामी घागर घेऊन आली आहे.)

थेओनो : ...आणि माझ्या हातातून घागर ओढून पालथी केली. म्हणाली, तुझी सावली पडलेलं पाणी आम्हाला नको.

निकारेते : कोण म्हणाली असं?

थेओनो : ती म्हातारी आर्खिप्पे. कोळीण.

निकारेते : तिचं काय मनावर घ्यायचं? मुलगा समुद्रावरून परत आला नाही तिचा. अशा दुःखात माणूस काहीही बोलतं.

थेओनो : ती एकटी नव्हती, ताई. सगळ्या होत्या. एकीनंही तिला गप्प केलं नाही. उलट मला वाट करून दिली, परत जायला. अशा बाजूला सरकल्या, जशी मी अंगावर फोड घेऊन आलेय.

निकारेते : बस जरा. घागर ठेव खाली.

थेओनो : माझ्यामुळे बुडाला म्हणे तो. देवी चिडली म्हणून समुद्र उसळला. का चिडली? तर मी तिच्याहून देखणी आहे म्हणून. मी म्हटलंय असं कधी? तू सांग. चुकून तरी?

निकारेते : नाही.

थेओनो : आरशात तरी किती बघते मी? आरसा कायम तुझ्याकडे असतो.

निकारेते : लोकांच्या जिभेला हाड नसतं, थेओनो. आज तू, उद्या आणखी कुणी. मिरवणूक होऊन जाऊ दे, विसरतील.

थेओनो : कसली मिरवणूक? फुलांची टोपली काढून घेतली माझ्याकडची. उद्या रंगाऱ्याची मुलगी धरणार आहे ती. तिरळी! देवी आता खूश होईल.

आत्या : (देवळाकडून तेलाचे बुधले घेऊन येत) आधी जरा सरका दोघी. हे बुधले खाली ठेवू देत मला. मेले जड झालेत.

निकारेते : आत्या, बुधले परत कसे आणलेस? तेल देवळात दिलं नाहीस?

आत्या : मी दिलं गं. त्यांनी घेतलं नाही. पुजारी पायरीवरच आडवा आला. म्हणे, फिलिस्ताबाई, तुमच्या घरचं तेल यंदा देवीच्या शिळेला लावता येणार नाही, आधी तुमच्या धाकटीचं निस्तरा. माझ्या आजोबांपासून त्या शिळेला आपलं तेल आहे. आज बायका टकामका बघत होत्या आणि मी आपली बुधले बगलेत मारून पायऱ्या उतरतेय.

थेओनो : मग मी काय करू? तोंडाला काजळी फासू?

आत्या : तुझ्यावर नाही चिडले मी. बस इथे.

थेओनो : आणखी काय झालंय? तू ‘बस इथे’ म्हणतेस तेव्हा काहीतरी असतं.

आत्या : तुझ्या स्तासानोरची आई भेटली पायऱ्यांवर.

थेओनो : काय म्हणाल्या?

आत्या : बस म्हटलं ना.

थेओनो : उभ्यानेच सांग.

आत्या : लग्न मोडलं म्हणाली. देवीच्या डोळ्यात सलणारी सून मला घरात नको. तिचे दोन मुलगे जहाजावर असतात, तिचाही जीव आहे.

निकारेते : थेओनो. थेओनो, रडू नकोस अशी. आत्या, पाणी आण ना तिला.

आत्या : पुरतं ऐकून घ्या. लग्न मोडलं, पण घराशी नातं मोडायचं नाही म्हणाली. तुमची मोठी द्या.

निकारेते : मला?

आत्या : तुला. त्यांची मोलकरीण माझ्याबरोबरच आलीय. बाहेर ओट्यावर बसलीय, उत्तर घेऊन जाणार.

निकारेते : पण बाबा कितिऑनला गेलेत... अर्थात बाबा काही नको म्हणायचे नाहीत. घर चांगलं आहे. आणि त्यांचा मामा देवळात आहे, म्हणजे तेलाचंही सुटेल बघ, आत्या. आईची ती लग्नातली केशरी ओढणी पेटीत आहे ना अजून? कसर तर नाही लागली?

थेओनो : ताई.

निकारेते : काय?

थेओनो : तू ओढणीपर्यंत पोचलीससुद्धा?

निकारेते : मी फक्त विचारलं.

थेओनो : माझं रडणं अजून थांबलं नाही. आणि तू कसर लागली का विचारतेस.

आत्या : निको, एक विचारू? खरं सांग हो. परवा मासेवालीला विचारलं मी, तू हे कुठे ऐकलंस, की आमची पोर देवीपेक्षा देखणी? ती म्हणाली, रंगाऱ्याच्या बायकोकडून. रंगाऱ्याच्या बायकोकडे गेले. ती म्हणाली, खलाशी गातात की बंदरावर. खलाशाला धरला. तो हसला. म्हणाला, आजी, तुमच्याच घरातलं आहे, तुमची मोठी पाणवठ्यावर म्हणते. ‘आमच्या थेओनोला पाहिलं तर अफ्रोदिती आरसा फेकून देईल.’ गाव पालथं घातलं मी, आणि सगळ्या वाटा या अंगणात आल्या.

निकारेते : बहिणीचं कौतुक करायचं नाही का माणसाने?

आत्या : कर की. घरात किती केलंस?

निकारेते : सगळ्या बायका म्हणायच्या, बहीण असावी तर अशी. विचार कुणालाही.

आत्या : म्हणायच्या. मीही म्हटलं होतं. मग आज पायऱ्या उतरताना मिऱ्हाची गोष्ट आठवली. तुला कुणी सांगितली होती ती? मीच. इथेच, हिराबोळ कुटताना. याच गावच्या राजाची राणी बढाई मारत सुटली, माझी पोर अफ्रोदितीहून देखणी. देवीने राणीला काय केलं? केसाला धक्का नाही लावला. पोरीच्या मनात नको त्या माणसाचं वेड घातलं. पोर रानोमाळ झाली, शेवटी झाड झालं तिचं. ते झाड रडतं तोच हा हिराबोळ, आपण खलात कुटतो तो डिंक. बोलली आई आणि भोगलं पोरीने.

थेओनो : ताई, तू मुद्दाम केलंस?

निकारेते : मी हात लावला का तुला? वाईट शब्द काढला? एक तरी?

थेओनो : मुद्दाम केलंस?

निकारेते : ...तो आधी माझ्यासाठी येत होता.

थेओनो : कोण? स्तासानोर?

निकारेते : दोन हिवाळे. तुला काय माहीत? तू मागे विहिरीशी असायचीस. तेल मी ओतून द्यायची. कुपी कधी पुरी भरून घ्यायचा नाही. अर्धीच. पुरी भरली तर लवकर परत कसा येऊ, म्हणायचा. जहाजावरचं काय काय सांगायचा. एकदा तर तेल सांडेपर्यंत बोलत उभा राहिला. मी रात्री अंथरुणावर पडून उद्या कोणतं लुगडं नेसायचं ते ठरवायची. आणि मग एक दिवस तू ओले कपडे वाळत घालायला बाहेर आलीस. बस्स. बोललीसुद्धा नाहीस काही. पुढच्या खेपेला त्याने कुपी पुरी भरून घेतली.

आत्या : अगं बाई.

निकारेते : त्या दिवशी कळलं मला. तोंडाने काही बोललाच नाही तो, नुसतं म्हणाला, काठोकाठ भर. आणि मग त्याच्या आईने येऊन हिला मागितली. बाबा किती खूश. मला म्हणाले, निको, धाकटीच्या लग्नाचे हार तूच करायचे, तुझा हात चांगला. एरॉसकडे दोन बाण असतात म्हणतात, एक सोन्याचा, एक शिशाचा. एकाने प्रेम बसतं, एकाने तिटकारा. मला दोन्ही एकदमच लागले. एक त्याच्यासाठी, एक तुझ्यासाठी.

थेओनो : मला सांगायचंस.

निकारेते : सांगितलं असतं तर दिला असतास?

थेओनो : ...नसता दिला.

निकारेते : बघ.

थेओनो : नसताच दिला. मलाही आवडला होता. पण भांडले असते तुझ्याशी. तोंडावर. झिंज्या उपटल्या असत्या तुझ्या, तू माझ्या उपटल्या असत्यास. देवीला कशाला मध्ये घातलंस?

निकारेते : कारण तुझ्या झिंज्या उपटून तू कुरूप झाली नसतीस! मला वाटलं, तोंडावर फोड येतील. केस गळतील. फार तर लग्न मोडेल. तो कोळ्याचा पोर कुठून आला मध्ये? मी त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

आत्या : देवी म्हणजे मालकीण, ती काय तुझी गडीमाणूस आहे? एवढंच कर आणि तिथेच थांब, म्हणून सांगशील तिला?

थेओनो : मालकीण! शिळा आहे ती, आत्या. काळी शिळा. नाक नाही, डोळे नाहीत. तिच्याहून देखणं कोण नाही? ती तिरळीसुद्धा आहे, तुझे हे बुधलेसुद्धा आहेत!

आत्या : हळू, हळू! भिंतीला कान आहेत आणि ओट्यावर मोलकरीण बसलीय. समुद्र का उसळला ते मला विचारू नका. दर हिवाळ्यात उसळतो. पण आर्खिप्पेला कुणाचं तरी नाव हवं होतं, आणि ते आपण घरातून पुरवलं.

थेओनो : तो काय म्हणाला?

आत्या : कोण?

थेओनो : स्तासानोर. त्याच्या आईने लग्न मोडलं, हिला मागितलं. तो काय म्हणाला? तो होता ना तिथे?

आत्या : होता. बाजूला उभा होता.

निकारेते : रडत होता?

आत्या : नाही गं.

थेओनो : मग काही बोलला का नाही?

आत्या : कशाला विचारता? पुरुषाची जात. आईसमोर कोण तोंड उघडतं?

निकारेते : आत्या, सांग.

आत्या : मी म्हटलं तिला, बाई, मुलाला तरी विचारा. तिने विचारलं. काय रे, धाकटीचं असं झालंय, मोठी चालेल का? तो म्हणाला, चालेल.

निकारेते : चालेल?

आत्या : एवढंच.

थेओनो : नुसतं चालेल?

आत्या : आता मी काय पदरचं घालून सांगू का? चालेल म्हणाला. हातात अंजिरं होती, ती खात होता.

थेओनो : अंजिरं खात होता.

निकारेते : हसू नकोस.

थेओनो : मी हसत नाहीये.

निकारेते : चालेल. बकरी विकायला आणली तर विचारतात ना बाजारात, ही नाही तर ती चालेल का, तसं. आणि मी त्याच्यासाठी... आत्या, त्या मोलकरणीला सांग. मोठी मुलगी नाही म्हणते.

आत्या : निको, नीट विचार कर. बाप घरात नाही. रागाच्या भरात बोलशील आणि जन्मभर तेल गाळत बसशील. माझ्याकडे बघ.

निकारेते : बघतेय. सांग तिला, नाही.

थेओनो : वा. म्हणजे फिटलं सगळं?

निकारेते : आणखी काय करू? सोडला ना मी त्याला.

थेओनो : त्याने ‘चालेल’ म्हटलं म्हणून सोडलास. ‘हवी’ म्हटलं असतं तर? ओढणी पांघरून गेली असतीस. खरं सांग.

निकारेते : गेले असते.

थेओनो : आणि पाणवठ्यावर उद्याही मीच जाणार. माझीच घागर पालथी होणार. तो समुद्रातला मुलगा माझ्याच नावावर राहणार. तू नवरा सोडलास, त्यात मला काय मिळालं?

निकारेते : मी येते तुझ्याबरोबर. सगळ्यांसमोर सांगते, हे मी बोलत होते, हिचा काही दोष नाही.

थेओनो : म्हणजे आणखी म्हणतील, काय माया बघा बहिणीची! धाकटीला वाचवायला सगळं स्वतःवर घेतेय. तुझी आरतीच ओवाळतील.

आत्या : ते मात्र खरं हो. या पोरीला कुणी वाईट म्हणणारच नाही. इतकं गोड बोलून ठेवलंय हिने.

निकारेते : मग काय सांगू त्यांना?

आत्या : का केलंस ते सांग. कुपीपासून. तो तुझ्याकडे यायचा, मग यायचा बंद झाला, आणि तू जळलीस. ते ऐकलं की विश्वास बसेल. ते कुणी खोटं सांगत नाही.

निकारेते : आत्या, सगळ्या बायकांसमोर?

आत्या : समोर नाही तर काय.

निकारेते : पाफोसभर होईल. खलाशी त्याचंही गाणं करतील. टाकलेली म्हणतील मला. बाबा येतील तेव्हा वेशीवरच कळेल त्यांना. मला पुन्हा कोण मागणी घालेल?

थेओनो : मला कोण घालणार आहे? म्हण बघू.

निकारेते : काय?

थेओनो : तिथे जाऊन गोड बोलशील पुन्हा. तुझं मला माहीत आहे. आधी इथे म्हण. माझ्यासमोर.

निकारेते : मी माझ्या बहिणीचं... मी कौतुक करत होते, ते खरं कौतुक नव्हतं.

थेओनो : हे कोण ऐकणार? आर्खिप्पेला कमी ऐकू येतं.

निकारेते : मी माझ्या बहिणीवर जळत होते.

थेओनो : जोरात.

निकारेते : मी तिच्यावर जळत होते! तिचं वाईट व्हावं म्हणून देवीच्या कानावर घालत होते!

थेओनो : आणि आता?

निकारेते : आता काय?

थेओनो : आता जळत नाहीस?

निकारेते : जळते. तू अशी रडून डोळे सुजवून बसलीस, तरी तो आत आला तर तुझ्याकडेच बघेल. जळतेच मी.

थेओनो : हे सांग त्यांना. अस्संच.

आत्या : उन्हं उतरली. बायका निघाल्या असतील पाण्याला. मी त्या मोलकरणीला वाटेला लावते. अगं, डोक्यावरून काहीतरी घे, निको.

निकारेते : नको. घागर कुठे आहे? दे इकडे, मी घेते.

थेओनो : घे. पण मी तुझ्या बरोबरीने चालणार नाही.

निकारेते : मग?

थेओनो : मागून येईन.

निकारेते : किती मागून?

थेओनो : ऐकू येईल एवढ्या.