भिंत पातळ, त्याला मी काय करू?

...आणि वर मलाच म्हणतात, 'काकू, तुम्हाला नसत्या चौकशा!' अहो, भिंत पातळ, त्याला मी काय करू? दमले बाई! तुम्हाला सांगते, त्या दिवशी संध्याकाळी भाजी चिरत होते, तर शेजारून किंकाळी, 'मेले मी! कुणीतरी उठवा मला!' सुरी टाकून धावले, ठेवायला दिलेल्या किल्लीनं दार उघडलं, तर शेजारची पोर... पोर कसली, तिशीची बाई... कानांवर ते टोपरं चढवून कॉम्प्युटरसमोर ठणठणीत! 'काकू, गेममध्ये मेलेय!' म्हणे सोबतचं कुणी वेळेत आलं की उठता येतं. अगं, इथे माझे गुडघे उठेनात, त्याचं काय? आणि टोपऱ्यातून बारीक बारीक आवाज, 'कॅप्टन, आता कुठे जायचं? कॅप्टन, सांगा ना!'

कॅप्टन! ही? दहा वर्षं लॉन्ड्रीत इस्त्रीवर, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! सुपरवायझरच्या जागेसाठी दोनदा मुलाखत झाली, साहेब 'बोला' म्हणाले की हिची जीभ टाळ्याला! आई तर येताजाता, 'हिला काय जमणार?' आणि तीच भिंतीपलीकडे, 'मागे व्हा! मी पुढे जाते!' मी आपली ऐकते. भिंत पातळ, त्याला मी काय करू?

मंगळवारी तिसरी मुलाखत, शेवटचीच. आणि सोमवारी खेळातल्या टीमला सांगतेय, रडक्या आवाजात, 'मी नाही जात उद्या. तिथे मी कॅप्टन नसते.' झालं! राहवेना हो... लाटणं आपटलं भिंतीवर आणि ओरडले, 'कॅप्टन, पुढे हो! मेलीस तर आम्ही आहोत उठवायला!' म्हटलं, आता किल्ली परत मागणार.

गेली की हो मुलाखतीला! साहेब 'बोला' म्हणाले, तशी ही थेट, 'वाफेच्या मशीनवर माणसं चुकीची लावलीत, आधी ती मागे घ्या!' मिळाली जागा! डोळे पुसत आली सांगायला, 'काकू, टीमनं तुम्हाला नाव ठेवलंय.' म्हटलं, नावं काय, सगळेच ठेवतात! 'तसं नाही हो, खेळातलं नाव... भिंत!' आता मी जन्मभर ह्यांची बायको, नाहीतर मुलांची आई... स्वतःचं असं पहिलंच नाव, जरा छाती फुगतेय, तोच बाईसाहेब सुपरवायझरच्या आवाजात, 'पण काकू, खेळ चालू असताना भिंतीनं मध्ये बोलायचं नाही. नुसतं ऐकायचं!'

आता बोला! ...म्हणजे तुम्हीच बोला हो. मला बंदी आहे.