दंतवैद्याचा नंबर

काकू : ढकलू नका. ढकलून उघडत असतं तर जगात कुलपं कशाला झाली असती?

काका : नुसतं बघत होतो. नीट लागलं नसेल, म्हटलं.

काकू : चांगलं नीट लागलंय. लॅच आहे ते. तुमच्यासारखं अर्धवट काम करत नाही. मुळात बाहेर आलात कशाला?

काका : कचऱ्याची बादली ठेवायला. पायानं दार अडवून धरलं होतं मी. तू कशाला आलीस?

काकू : सांगायला.

काका : काय सांगायला?

काकू : की दार लागेल, चावी घ्या.

काका : वा! आणि तुला बाहेर येता यावं म्हणून मी पाय काढला.

काकू : म्हणजे आता माझ्यावर ढकला. पावणेपाच झालेत. पाचला बेबीचा फोन येईल.

काका : येऊ दे की. मोबाईल खिशात आहे माझ्या. इथूनच बोलू.

काकू : व्हिडिओ करते ती! आपल्यामागे जिना दिसला की संपलं सगळं. नळ उघडा राहिला तेव्हा काय म्हणाली होती? "आई, असा आणखी एक प्रकार झाला तर ते घर बंद. दोघांनी इकडे राहायला यायचं."

काका : मागच्या खोलीत.

काकू : मागच्या खोलीत. सायकली आणि इस्त्रीच्या टेबलाबरोबर.

काका : तरी मी म्हणत होतो, एक चावी समोरच्या बाईंकडे ठेवू.

काकू : हळू बोला! त्यांचे आणि बेबीचे रोज मेसेज चालतात. इथं आपण शिंकलो की तिकडून बेबी औषध सांगते. आता कोणाला लावताय फोन?

काका : चावीवाल्याला.

काकू : नंबर आहे तुमच्याकडे? बघू. हे काय? दंतवैद्य? अहो, दार बसलंय, दातखीळ नाही!

काका : थांब, लागला. हॅलो. हो, मीच. हो, तेच. जरा लवकर ये.

काकू : पत्ता?

काका : अं?

काकू : पत्ता नाही सांगितलात. आणि "हो, मीच" म्हणजे?

काका : ओळखीचे दंतवैद्य आहेत.

काकू : तुम्हाला कवळी बसून चार वर्षं झाली.

काका : बरं, दोनदा. दोनदाच अडकलोय मी बाहेर. तू डोळे तपासायला गेली होतीस तेव्हा एकदा, आणि एकदा तू बहिणीकडे होतीस. तुला उगीच काळजी नको म्हणून बोललो नाही.

काकू : शाब्बास! इतक्या वर्षांचा संसार, आणि माझ्यापासून चोरी! मी लपवलंय का कधी काही तुमच्यापासून? सांगा ना. लपवलंय?

काका : नाही गं. तू कशी लपवशील. चुकलं माझं.

(आठ मिनिटांनी. जिन्यावर पावलं.)

चावीवाला : नमस्कार काका. आणि... अरे. नमस्कार काकू. म्हणजे तुम्ही काकूच असणार. हेच ना दार? पहिल्यांदाच येतोय, म्हणून विचारलं.

काका : राहू दे. मी सांगितलंय तिला सगळं.

चावीवाला : सगळं?

काका : माझं दोनदाचं. का रे, घाम का फुटला तुला?

चावीवाला : जिना चढून आलो ना.

काका : आणि तू काय गं, एकदम गप्प?

काकू : दम लागलाय.

काका : उभ्या उभ्या?

काकू : त्याला काम करू द्या. पाचला पाच कमी आहेत.

चावीवाला : ही पट्टी सरकवली की... जरा दार ओढून धरा काका. थोडं वर. हां. झालं.

काका : देव पावला. हे घे, पाचशे.

काकू : पाचशे? अरे, मिनिटभराचं काम! नेहमी तर तीनशे घेतोस!

चावीवाला : मी पिशवी आवरतो.

काका : थांब. नेहमी?

काकू : तोंडातून निघून गेलं हो.

काका : नेहमी म्हणजे किती वेळा रे?

चावीवाला : काका, आमच्या धंद्यात एकाचं दार दुसऱ्याला सांगत नाहीत. तुमचं सांगितलं का मी काकूंना?

काका : एकच दार आहे ते!

चावीवाला : माणसं दोन आहेत ना.

काकू : चारदा.

काका : चार!

काकू : त्यात एकदा तर तुम्ही आतच होतात. कानातलं यंत्र काढून घोरत. बेल दाबून दाबून बोट दुखलं माझं. शेवटी याला बोलावलं, आणि चोरासारखी माझ्याच घरात शिरले.

काका : मला उठवून सांगायचंस तरी.

काकू : मला वाटलं, तुम्ही बेबीला सांगाल.

काका : मला वाटलं, तू सांगशील.

चावीवाला : तीन मिनिटं राहिलीत.

काका : तुझ्या फोनात हा कुठल्या नावानं आहे गं?

काकू : शिंपीणबाई.

काका : तरीच! शिंपीणबाईंना एवढे फोन, आणि अंगावर नवा कपडा एक नाही. आणि काय रे, तिला तीनशे, मग मला पाचशे का?

चावीवाला : काकू घासाघीस करतात. तुम्ही आधी पाकीट काढता, मग म्हणता, "हिला कळू देऊ नकोस." ते सांभाळायचे दोनशे.

काका : आणि तिचं सांभाळायचे?

चावीवाला : ते त्यातच धरलेत. आज दोघं आहात, चारशे द्या.

काका : वाजला! चल आत, खुर्चीत बस.

काकू : तुम्ही हसा जरा. एवढं नको, संशय येईल तिला. हं, बोल बेबी. कुठे म्हणजे? घरातच, आणखी कुठे असणार? मागे कोण? तो होय. चावीवाला. लॅचला तेल घालून घेतोय. छे गं, अडकलंबिडकलं काही नाही. बाबांनीच बोलावलाय. हो, आपणहून. आठवणीनं.

काका : अगं बेबी, आईच म्हणाली होती दार कुरकुरतंय म्हणून. तिच्या बरोब्बर लक्षात असतं सगळं. बरं. बरं. ठेव.

काकू : ठेवला ना तिनं?

काका : ठेवला. "आठवणीनं" म्हणालीस.

काकू : मग काय म्हणू? तुम्हीही तेच म्हणालात की.

चावीवाला : तुम्ही बोलत होतात तोवर खरंच तेल घातलं. त्याचे वेगळे नकोत. आता दोघांनी आपापली चावी दाखवा, मगच मी जिना उतरतो.

काका : ही माझी.

काकू : ही... थांबा हं... चष्म्याच्या डबीत... ही माझी.

चावीवाला : झकास. आणि आता तरी फोनात माझं खरं काय ते लिहा काकू. शिंपीणबाई कुठली!

काकू : नको रे बाबा. बेबी आली की फोन चाळते. राहू दे तसंच. तू नंबर तेवढा बदलू नकोस.