लाल दोऱ्याची यल्लव्वा

नाही सुमंत साहेब, चुकांचं रजिस्टर कोरं आहे म्हणजे वॉर्डात चुका होत नाहीत असं मी कुठं म्हटलं? — बसा, त्या स्टुलावर बसा, माझं गोळ्या लावायचं चालू राहू दे — तुम्ही क्वालिटीचे, नवीन आलात, तुम्हाला वाटतं नर्सांना लिहायचा आळस. सुनिता सिस्टरनं लिहिलं होतं की! चुकीची सलाईन लावली, तिनंच ओळखली, तिनंच काढली, तिनंच कागदावर लिहिली — आणि सोमवारच्या मीटिंगीत तो कागद सगळ्यांसमोर वाचला. मग मेमो, मग बदली. बारा वर्षं आयसीयू सांभाळलेली बाई आता तळघरात चादरींच्या घड्या घालते. त्यानंतर कोण लिहील? तुम्ही लिहाल?

पण आम्ही हातावर हात ठेवून बसलो नाही हं. त्या खाटेच्या दांडीला लाल दोरा दिसतो? पलीकडच्या खाटेला हिरवा? एका नावाच्या दोघी आल्या की बांधतो. इकडं यल्लव्वांना काय तोटा — कलघटगीची बस आली की दोन उतरतातच. मागं एका दुपारी अशाच दोघी शेजारीशेजारी होत्या, यल्लव्वा म्हटलं की दोघी "हां अक्का" म्हणायच्या, आणि एकीचं इन्शुलिन गेलं दुसरीला. कुणी दिलं ते सोडा — दिलं एका नर्सनं. थोड्या वेळानं म्हातारीला दरदरून घाम, बोलणं बरळल्यासारखं, पळत जाऊन ग्लुकोज आणलं, ती डोळे उघडेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता — अजून सुई हातात घेतली की तिचा तो गोंदलेला दंड दिसतो मला —

काय बघताय? हो. माझाच हात. शेषगिरी डॉक्टर म्हणाले, वाचली ना, मग लिहू नका. नाही लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुर्गदबैलाच्या बाजारात जाऊन दोऱ्याची दोन रिळं घेतली. त्यानंतर एकदाही अदलाबदल नाही — हे तुमच्या कुठल्या कागदावर आहे?

काढा फॉर्म. पद्मा केदारी, लिहा, भीत नाही मी. आणि खाली हेही लिहा — त्या दुपारी पेशंट अडतीस, नर्स दोघी.

लिहा ना.

त्याला रकाना नाही? माझ्या नावाला आहे, त्याला नाही?

मग पेन खिशात ठेवा साहेब, आणि जरा वाट सोडा. लाल दोऱ्याची हाक मारतेय.