न विचारणारा संगणक

संगणकाच्या वेगाचे तुम्ही केलेले कौतुक ऐकले, म्हणून सांगतो. गडचांदूरजवळच्या चुनखडीच्या खाणीत सुरुंगाची वेळ मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवरून कळे. लाइन संथ होती. मी सर्व्हरवरचा वेळांचा फोल्डर खाणीतल्या युनिक्स संगणकाला जोडला, फाइलची प्रत जवळच साठवणारी कॅश (cache) लावली आणि सर्व्हरला दिवसातून एकदाच विचारावे, असे ठरवून दिले. फाइल क्षणात उघडू लागली.

दुसऱ्याच दिवशी पडद्यावर सुरुंगासाठी दोनची वेळ होती. सुरुंग उडवणारे रहीमभाऊ खाली जाऊन धावतच परतले.

“साहेब, खाली माणसं काम करून राह्यली! वेळ चारची झाली म्हनतेत!”

मी सर्व्हरवरची फाइल थेट उघडली; कार्यालयाने वेळ बदलून चार केली होती. पडद्यावर जुनीच प्रत होती.

“भाऊ, तुम्ही खाली का गेलात?”

“इचारल्याबिगर बत्ती कशी देऊ?”

न विचारण्याची सवय संगणकाला मीच लावली होती. परमेश्वराने माझे पाप रहीमभाऊंच्या पायांनी अडवले.